विश्लेषण : कोणती दुचाकी घ्यावी? लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सायकल दुकान काय सांगते?

दसरा किंवा पाडवा जवळ आला की कोल्हापुरात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. गाडी कोणती घ्यायची? एकाला मायलेज हवे असते, दुसऱ्याला ताकद. रोज शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ड्युटीला जायचे, रविवारी पन्हाळा-जोतिबा करायचे आणि पावसाळ्यात एकदा तरी आंबा घाट किंवा गगनबावडा गाठायचा, हे सगळे एकाच गाडीत बसवायचे असते. शेवटी घरातला कुणीतरी जाणता माणूस विचारतो, आपल्या मिस्त्रीला ही गाडी जमते का?

या एका प्रश्नाचे मोल सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी बेळगावातील एका दुकानदाराला कळले होते. सायकली विकणारा, त्या चालवायला शिकवणारा आणि दुरुस्तही करून देणारा हा माणूस म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. पुढे त्यांनी नांगर, पंप आणि इंजिनांचा मोठा उद्योग उभा केला. पण त्याची सुरुवात झाली ती दोन चाकांवर.

लक्ष्मणराव कोण होते?

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमले नाही. चित्रे काढणे आणि यंत्रांशी खटपट करणे यातच त्यांना गोडी होती. थोरले भाऊ रामचंद्र, म्हणजे सर्वांचे रामूअण्णा, यांच्या आधाराने ते १८८५ मध्ये मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

चित्रकार होण्याचे स्वप्न दोनच वर्षांत मोडले. आपल्याला काही रंगांतील फरक ओळखता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. रंगांधळा माणूस चित्रकार कसा होणार? रंग सुटले, पण रेघ हातात राहिली. यंत्रांच्या आराखड्यांचे रेखाटन त्यांनी चालू ठेवले. त्याच कौशल्यावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवण्याची नोकरी मिळाली. वर्गात रेखाटन शिकवायचे आणि उरलेल्या वेळात कार्यशाळेतील यंत्रे समजून घ्यायची, असा त्यांचा क्रम होता. अभियंत्याची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती.

सायकल बेळगावात कशी आली?

मुंबईच्या रस्त्यांवर त्या सुमारास सायकल दिसू लागली होती. लक्ष्मणरावांना तिचे कुतूहल वाटले आणि त्यात धंदाही दिसला. १८८८ मध्ये दोघा भावांनी काम वाटून घेतले. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली खरेदी करून पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या. दुकानाला नाव मिळाले किर्लोस्कर ब्रदर्स. आजची कंपनी आपला जन्म याच वर्षापासून मोजते. बेळगावातील किर्लोस्कर रोडच्या नावातही ती आठवण राहिली आहे.

बेळगावची निवड योग्य होती. जिल्ह्याचे ठिकाण, लष्कराची छावणी आणि व्यापारी पेठ असल्याने तिथे नवी वस्तू विकत घेऊ शकणारा वर्ग होता. तरीही सायकल ही तेव्हा चैनीचीच वस्तू. आज एखादा तरुण परदेशी बनावटीच्या मोठ्या बाइककडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने लोक तेव्हा सायकलकडे पाहत.

तेव्हाची सायकल कशी होती?

सायकलचे रूप नेमके त्याच काळात बदलत होते. आधीच्या सायकलींचे पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच असे. तोल गेला की चालवणारा थेट डोक्यावर आपटे. १८८५ मध्ये इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर सायकल आणली. दोन्ही चाके जवळपास सारखी, मागच्या चाकाला साखळीने गती आणि पाय जमिनीला टेकतील इतकी उंची. तिला सेफ्टी सायकल म्हणत. आजच्या सायकलचा आणि मोटारसायकलचाही मूळ सांगाडा हाच.

दुसरा बदल टायरचा. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्येच हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याआधी चाकांवर भरीव रबर असे आणि खडबडीत रस्त्यावर हाडे खिळखिळी होत. हवेच्या टायरमुळे बसणे सुखाचे झाले, पण पंक्चर नावाची नवी कटकट मागे लागली.

म्हणजे ग्राहकापुढे तेव्हाही आजच्यासारखेच प्रश्न होते. नवे तंत्र घ्यावे की जुने पक्के? आराम हवा की बिनतक्रार टिकाऊपणा? आणि गाडी बिघडली तर जायचे कुणाकडे?

विकण्याबरोबर शिकवणे का गरजेचे होते?

बेळगावात सायकल चालवणारेच नव्हते, तर ती विकत कोण घेणार? ही अडचण किर्लोस्कर बंधूंनी सरळ मार्गाने सोडवली. दुकानात सायकल मिळे आणि ती चालवण्याची शिकवणीही मिळे. शिकवणीची फी वेगळी होती. दुरुस्तीची सोयही तिथेच होती.

यामागे साधा व्यवहार होता. ज्याला तोल सांभाळता येत नाही, तो चार दिवसांत सायकल भिंतीला टेकवून ठेवतो आणि आठ जणांना सांगतो की हे काही खरे नाही. उलट ज्याला सायकल जमली, तो स्वतःच दुकानाची जाहिरात बनतो. चाकाचा आऊट काढायचा, साखळी ताणायची, छर्रे धुऊन पुन्हा ग्रीस भरायचे, ही कामे जवळच्या जवळ झाली तरच महागडी सायकल रस्त्यावर राहते. वस्तू विकून विक्रेत्याचे काम संपत नाही, हा धडा लक्ष्मणरावांच्या उद्योगात पुढेही दिसत राहिला.

मुंबईची नोकरी का सोडली?

नोकरीत लक्ष्मणरावांचे काम चोख होते. बढतीची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला ती जागा देण्यात आली. ब्रिटिश अमलात ही गोष्ट नवी नव्हती. अनेकांनी असा अपमान गिळून नोकरी टिकवली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बेळगावला परतले. महिन्याचा पक्का पगार गेला. हाती होते भावाबरोबरचे दुकान, रेखाटनाची कला आणि यंत्रे कशी चालतात याची जाण.

मग त्यांनी मोटारसायकल का बनवली नाही?

इथे एक तुलना बोलकी ठरते. इंग्लंडमधील अनेक सायकल कंपन्या याच काळात मोटारसायकलकडे वळल्या. सायकली बनवणाऱ्या एनफिल्डने १९०१ मध्ये आणि ट्रायम्फने १९०२ मध्ये पहिली मोटारसायकल आणली. सायकलच्या सांगाड्यावर छोटे इंजिन बसवायचे, अशी ती सुरुवात होती. याच एनफिल्डची बुलेट १९५५ पासून मद्रासमध्ये जोडली जाऊ लागली आणि पुढे कोल्हापूरच्या रस्त्यांवरची ओळखीची गाडी बनली.

बेळगावचे सायकल दुकान दुसऱ्या वाटेने गेले. तिथे इंजिनासाठी लागणारे पोलाद नव्हते, सुटे भाग बनवणारे कारखाने नव्हते आणि मोटारसायकल परवडेल असा ग्राहक हातावर मोजण्याइतका. भोवताली होता तो शेतकरी. त्याची गरज ओळखून लक्ष्मणरावांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र बनवले आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला. जगात काय नवे आले आहे यापेक्षा आपल्या माणसाला काय लागते, हे त्यांनी आधी पाहिले.

पहिला नांगर विकायला दोन वर्षे का लागली?

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत किर्लोस्करांचा लोखंडी नांगर तयार झाला. पण तो कुणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष पसरते, पीक जळते, असा समज तेव्हा पक्का होता. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर चालवणाऱ्या शेतकऱ्याला पटवणे हे सायकलच्या गिऱ्हाइकाला पटवण्याहून कितीतरी अवघड होते. सायकल फसली तर हौस फसते. नांगर फसला तर वर्षाचे धान्य जाते. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

नांगर हळूहळू खपू लागले, तोच दुसरे संकट आले. शहराच्या वाढीसाठी जागा हवी म्हणून नगरपालिकेने कारखाना हलवायला सांगितले. यंत्रे आहेत, कामगार आहेत, पण उभे राहायला जमीन नाही, अशी अवस्था झाली. लक्ष्मणराव तेव्हा औंध संस्थानात बांधकामाचे काम करत होते. ही अडचण कळल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन दिली आणि भांडवलासाठी कर्जही दिले.

जमीन म्हणजे निवडुंगाचे रान होते. सापांचा सुळसुळाट, पाण्याची वानवा. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. रान साफ करून कारखाना, घरे, शाळा उभी राहिली. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी कामावर घेतले. आज कोल्हापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना सांगली सोडल्यावर लागणारे किर्लोस्करवाडी स्थानक ते हेच.

कोल्हापूरशी नाते काय?

पहिल्या महायुद्धात परदेशातून येणारे लोखंड आटले आणि नांगराचा कारखाना बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातील वापरात नसलेल्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी किर्लोस्करांना दिल्या, ही हकीकत कोल्हापुरात आजही अभिमानाने सांगितली जाते. युद्धाचे लोखंड शेतीच्या कामी आले.

पुढे किर्लोस्करवाडीतून उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप बाहेर पडू लागले. गुळाच्या आणि उसाच्या या पट्ट्यात त्यांना मागणी होतीच. पाणी उपसायला इंजिन आले आणि इंजिनाबरोबर ते उघडून जोडणारे मिस्त्रीही गावोगावी तयार झाले. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिने बनवणाऱ्या कारागिरांची आणि फाउंड्रींची परंपरा रुजली. आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल भागातील फाउंड्रींतून वाहन कंपन्यांना कास्टिंग पुरवले जाते.

१९२० मध्ये सुरू झालेले ‘किर्लोस्कर खबर’ हेही ग्राहकाशी नाते जपण्याच्या याच सवयीतून आले. यंत्रांची माहिती ग्राहकांपर्यंत नेणाऱ्या या अंकाचे पुढे मराठीतील नामवंत मासिक झाले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी अमेरिकेत एमआयटीत शिक्षण घेऊन उद्योग वाढवला आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आज गाडी घेताना यातून काय घ्यावे?

लक्ष्मणरावांनी मोटारसायकल कधी बनवली नाही. पण गाडी निवडण्याची कसोटी त्यांच्या आयुष्यात सापडते.

पहिली गोष्ट गरजेची. ज्याचा रोजचा प्रवास दसरा चौक ते शिरोली एवढाच आहे, त्याला हलकी, गर्दीत सहज वळणारी आणि कमी पेट्रोल पिणारी गाडी पुरते. वर्षातून दोनदा घाट चढण्यासाठी तीनशे दिवस जड गाडी ढकलत बसण्यात अर्थ नाही. ज्याला मात्र दर सुट्टीला आंबोली किंवा कोकण गाठायचे आहे, त्याने बसण्याची ठेवण, ब्रेक आणि मागे बसणाऱ्याचा आराम आधी पाहावा, टाकीवरचा रंग नंतर.

दुसरी गोष्ट शिकण्याची. नवी गाडी हाती आली की चालवता येतेच, असे धरले जाते. जड गाडीचा तोल, घाटातील उतारावर इंजिनाचा ब्रेकसारखा वापर, ओल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक बेताने दाबणे हे शिकावेच लागते. चार दिवस मोकळ्या मैदानात सराव केला तर पुढची वर्षे सुखाची जातात.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. सुटे भाग गावात मिळतात का, मिस्त्रीला इंजिन उघडता येते का, साखळी साफ करणे आणि हवा तपासणे एवढे तरी स्वतःला जमते का, हे पैसे भरण्याआधी विचारावे. भर पावसात गगनबावड्याच्या घाटात गाडी बंद पडली, तर शोरूममधला दिवा उपयोगाला येत नाही. पाना हातात धरता येणारा माणूसच तिथून घरी पोहोचतो.

म्हणून घरातील जाणत्याने मिस्त्रीची आठवण काढली तर हसू नये. पुस्तिकेतील आकडे वाचून झाल्यावर त्या प्रश्नाचे उत्तर मिळवावे आणि मगच बुकिंग करावे.