काळ्या विजेत्याचा गुन्हा

निग्रोंना गुलामीतून सोडविणाऱ्या अमेरिकेतील लोकांना महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला. त्यानंतर पाच वर्षांनी, ३१ मार्च १८७८ रोजी, टेक्सास प्रांतातील गॅल्व्हेस्टन बंदरात जॅक जॉन्सन जन्मला. त्याचे आईबाप दोघेही पूर्वी गुलाम होते. कायद्याने गुलामगिरी संपली होती, पण गोऱ्यांच्या डोक्यातली संपली नव्हती. मुष्टियुद्धाच्या रिंगणात हे फार स्पष्ट दिसते.

१९०१ मध्ये जो चोयन्स्की या ज्यू मुष्टियोद्ध्याने जॉन्सनला तिसऱ्या फेरीत आडवे केले. टेक्सासमध्ये अशा लढती बेकायदा असल्याने दोघांनाही तुरुंगात टाकले. तिथे तीनेक आठवडे चोयन्स्कीने या तरुणाला बचाव शिकविला. जॉन्सनची खरी शाळा ती.

१९०३ मध्ये तो ‘काळ्यांचा’ हेवीवेट विजेता झाला. होय, काळ्यांसाठी पदक वेगळे होते! पाणवठा वेगळा, स्मशान वेगळे, हे भोगलेल्या आपल्या समाजाला त्यात नवल वाटणार नाही. खरा विश्वविजेता जिम जेफ्रीज हा गोरा होता. विजेता होण्याआधी तो काळ्यांशी लढला होता. किताब हाती आल्यावर मात्र काळ्याला संधी द्यायची नाही, असे त्याने ठरविले आणि १९०५ मध्ये अजिंक्य म्हणून निवृत्त झाला. पुढे विजेता झालेल्या टॉमी बर्न्स याच्या मागे जॉन्सन थेट ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत लढत झाली. बर्न्सला ३० हजार डॉलर, जॉन्सनला ५ हजार. चौदाव्या फेरीत पोलिसांनाच मध्ये पडून लढत थांबवावी लागली. जगाचा हेवीवेट विजेता प्रथमच काळा माणूस झाला.

गोऱ्या अमेरिकेला हे पचले नाही. लेखक जॅक लंडन यानेच जेफ्रीजने परत यावे म्हणून हाक दिली. समाजवादी म्हणवणारा हा लेखक, वर्णाचा प्रश्न आला की गोराच निघाला. (असे समाजवादी आपणही पुष्कळ पाहिले आहेत.) जेफ्रीज शेतीत रमला होता, अंगाने सुटला होता. सुमारे १०० पौंड वजन उतरवून तो उभा राहिला तो गोऱ्या वंशाची इभ्रत राखण्यासाठी, आणि हे तो उघड सांगत होता. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने बंदी घातल्याने लढत नेवाडातील रेनो येथे गेली. तारीख निवडली ४ जुलै १९१०, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन! सुमारे २० हजार प्रेक्षक, बहुतेक सारे गोरे. ३२ वर्षांचा विजेता आणि ३५ वर्षांचा जुना मल्ल. लढत ४५ फेऱ्यांची ठरली होती, पण जॉन्सन हसत, बोलत, घाई न करता त्याला झिजवत राहिला. पंधराव्या फेरीत जेफ्रीज आयुष्यात प्रथमच खाली पडला. पुन्हा उठला, पुन्हा पडला. शेवटी त्याच्याच माणसांनी लढत थांबविली.

त्याच रात्री अनेक शहरांत काळ्या वस्त्यांवर हल्ले झाले. वीसेक माणसे मेली, त्यात बहुतेक काळे. या लढतीचा चित्रपट गावोगाव बंद केला गेला आणि १९१२ मध्ये तर मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर काँग्रेसने कायद्याने बंदी घातली.

रिंगणात हरवता येत नाही म्हटल्यावर कोर्ट आठवले. १९१० मध्ये वेश्याव्यवसायासाठी स्त्रियांची ने-आण रोखणारा मान कायदा झाला होता. त्याचे नावच मुळी ‘श्वेत गुलाम वाहतूक कायदा’! गोऱ्या स्त्रियांशी उघड संबंध ठेवणाऱ्या जॉन्सनवर तो लावला. पहिल्या खटल्यातील ल्युसिल कॅमेरॉनने साक्ष द्यायला नकार दिला आणि त्याच्याशी लग्न केले. मग सरकारने बेल श्रायबर ही जुनी मैत्रीण शोधून आणली. १९१३ मध्ये सर्व गोऱ्या ज्युरीने त्याला दोषी ठरविले. शिक्षा एक वर्ष एक दिवस. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हा खटला जरूर वाचावा. कलम कशासाठी केले आणि कोणावर लावले, हे त्यात दिसते. जॉन्सन देशाबाहेर निसटला, त्याच सुमारास, जुलै १९१३ मध्ये, बाबासाहेब शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले.

जॉन्सनला देव करण्याचे कारण नाही. पत्नी एट्टाला त्याने मारहाण केली होती, १९१२ मध्ये तिने आत्महत्या केली. विजेता झाल्यावर सॅम लँगफर्डसारख्या तोलामोलाच्या काळ्या योद्ध्याला त्याने किताबासाठी संधी दिली नाही. जेफ्रीजने जे त्याच्याशी केले तेच त्याने आपल्या माणसाशी केले. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्याच्या वागण्याचा जाहीर निषेध केला, तर डु बॉइस यांनी सांगितले की त्याचा खरा अपराध त्याचा काळा रंग आहे. माझ्या मते दोघांचेही वाचावे, पण खटल्यापुरते डु बॉइसच बरोबर होते.

५ एप्रिल १९१५ रोजी हवानात, ३७ व्या वर्षी, जेस विलर्डने त्याला सव्विसाव्या फेरीत हरविले. त्यानंतर जो लुई १९३७ मध्ये जिंकेपर्यंत २२ वर्षे एकही काळा हेवीवेट विजेता झाला नाही. १९२० मध्ये जॉन्सन स्वतः हजर झाला, लेव्हनवर्थच्या तुरुंगात शिक्षा भोगून १९२१ मध्ये सुटला. १० जून १९४६ रोजी नॉर्थ कॅरोलिनात मोटार अपघातात तो गेला.

२४ मे २०१८ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला मरणोत्तर माफी दिली. शिक्षा भोगून ९७ वर्षे उलटली होती. माफी म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. गोऱ्या ज्युरीचा तो निकाल कोर्टाच्या दप्तरात तसाच आहे.