तुरुंगात बसून निवडणूक जिंकणारे क्वामे एन्क्रुमा : ज्यांनी घाना उभा केला, त्यांचाच पुतळा लोकांनी का पाडला?

फेब्रुवारी १९५१. पश्चिम आफ्रिकेतल्या अक्रा शहरात समुद्राच्या काठावर जेम्स फोर्ट नावाचा जुना किल्ला होता. इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला होता आणि तिथे एक कैदी तीन वर्षांची शिक्षा भोगत होता. बाहेर निवडणूक चालू होती आणि हा कैदी त्या निवडणुकीत उमेदवार होता.

मतमोजणी झाली. अक्रा मध्य मतदारसंघातल्या २३,१२२ मतांपैकी २२,७८० मतं एकट्या या कैद्याला पडली होती. त्याच्या पक्षालाही बहुमत मिळालं होतं.

आता पंचाईत झाली इंग्रज गव्हर्नर आर्डन-क्लार्क यांची. ज्याला आत टाकलं, त्यालाच बाहेर काढून सरकार चालवायला द्यायची वेळ आली. १२ फेब्रुवारीला कैद्याची सुटका झाली.

या कैद्याचं नाव क्वामे एन्क्रुमा.

सोन्याचा किनारा आणि शनिवारचा मुलगा

आज ज्याला आपण घाना म्हणतो, त्याचं तेव्हाचं नाव होतं गोल्ड कोस्ट, म्हणजे सोन्याचा किनारा. आफ्रिकेच्या नकाशात पश्चिमेला जो फुगवटा दिसतो, त्याच्या खालच्या बाजूला हा देश आहे. दक्षिणेला गिनीचं आखात, मग दाट जंगल आणि उत्तरेला जाल तसतसा कोरडा होत जाणारा गवताळ प्रदेश. १४८२ मध्ये पोर्तुगीजांनी इथल्या एल्मिना गावात किल्ला बांधला तो सोन्यासाठी. पुढे याच किनाऱ्यावरच्या किल्ल्यांमधून लाखो माणसं गुलाम म्हणून जहाजांत भरली गेली.

याच देशाच्या नैर्ऋत्य टोकाला एन्क्रोफुल नावाचं खेडं आहे. एन्क्रुमांचा जन्म तिथला, १९०९ चा. वडील सोनार होते. तिथल्या अकान समाजांमध्ये मूल ज्या वारी जन्मतं, त्या वारावरून त्याचं नाव ठेवतात. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा मुलगा क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान हेही घानाचेच. त्यांच्या नावावरून त्यांचा जन्मवार लगेच कळतो.

क्वामे शिकले, अक्राजवळच्या अचिमोटा इथे शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं, काही वर्षं शाळेत शिकवलं आणि १९३५ मध्ये अमेरिकेला गेले. तिथे दहा वर्षं काढली. सुट्ट्यांमध्ये कधी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मासे विकले, कधी साबणाच्या कारखान्यात राबले, कधी जहाजावर भांडी घासली. त्यानंतर ते लंडनला आले. १९४५ मध्ये मँचेस्टरला आफ्रिकी नेत्यांची मोठी परिषद भरली, तिच्या आयोजकांमध्ये ते होते.

ब्रह्मदेशातून परतलेले सैनिक

इकडे मायदेशात जे. बी. डँक्वा नावाचे नामांकित वकील राजकारण करत होते. त्यांच्या पक्षाला पूर्ण वेळ काम करणारा सचिव हवा होता. एन्क्रुमांना बोलावणं गेलं आणि डिसेंबर १९४७ मध्ये ते परतले. डँक्वा हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

२८ फेब्रुवारी १९४८ ला अक्रामध्ये माजी सैनिकांनी मोर्चा काढला. दुसऱ्या महायुद्धात गोल्ड कोस्टचे हजारो सैनिक ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले होते. जंगलातल्या लढाईची त्यांची तयारी भारतातही झाली होती. युद्ध संपलं, पण कबूल केलेलं निवृत्तिवेतन आणि नोकऱ्या काही मिळाल्या नाहीत. मोर्चा निःशस्त्र होता. तरी पोलीस अधिकाऱ्याने गोळ्या झाडल्या आणि तीन माजी सैनिक ठार झाले. शहर पेटलं.

इंग्रजांनी सहा नेत्यांना उचललं आणि खटला न चालवता डांबून ठेवलं. त्यात एन्क्रुमा होते आणि डँक्वाही होते.

सुटल्यावर मात्र दोघांचं जमेना. डँक्वांना स्वातंत्र्य टप्प्याटप्प्याने चाललं असतं, एन्क्रुमांना ते लगेच हवं होतं. जून १९४९ मध्ये त्यांनी वेगळा पक्ष काढला. बाजारात बसणाऱ्या बायका, कामगार, अर्धवट शिकलेली तरुण पोरं त्यांच्यामागे गेली. गांधीजींचा मार्ग डोळ्यांसमोर ठेवून जानेवारी १९५० मध्ये त्यांनी संप आणि बहिष्काराचं आंदोलन पुकारलं. त्यातच त्यांना ती तीन वर्षांची शिक्षा झाली होती. तुरुंगात जाऊन आलेले कार्यकर्ते पुढे टोपीवर 'पीजी' अशी अक्षरं मिरवायचे. अर्थ काय, तर तुरुंगाचे पदवीधर!

६ मार्च १९५७

६ मार्चच्या मध्यरात्री अक्राच्या पोलो मैदानावर एन्क्रुमांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. सहाराच्या दक्षिणेकडच्या इंग्रजांच्या वसाहतींमधून सुटणारा हा पहिला कृष्णवर्णीय देश. त्या रात्री दक्षिणेतल्या या नेत्याच्या अंगात उत्तर घानातला हातमागाच्या पट्ट्यांचा अंगरखा होता, त्याला फुगू म्हणतात.

नावही बदललं. घाना हे मध्ययुगातल्या एका श्रीमंत साम्राज्याचं नाव. गंमत म्हणजे ते साम्राज्य आजच्या घानात नव्हतंच, ते बरंच वायव्येला, आजच्या मॉरिटानिया आणि मालीच्या भागात होतं. पण गुलामीआधीही आपला इतिहास होता, हे नव्या देशाला सांगायचं होतं. हे नाव लावून धरणारे मुख्य माणूस होते डँक्वा.

एन्क्रुमांनी कामाचा धडाका लावला. शाळा, रस्ते, टेमाचं बंदर. सगळ्यात मोठं स्वप्न होतं व्होल्टा नदीवरचं अकोसोम्बो धरण. त्यामागे सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा जलाशय तयार झाला, क्षेत्रफळाने जगातल्या सर्वांत मोठ्या मानवनिर्मित जलाशयांपैकी एक. देशाला वीज मिळाली. पण जवळपास ८० हजार माणसांची घरं आणि शेतं पाण्याखाली गेली.

या सगळ्याला पैसा लागत होता आणि तो येत होता कोकोतून. चॉकलेट ज्याच्या बियांपासून बनतं ते हे पीक. जगाच्या बाजारात भाव चढा असला तरी सरकार शेतकऱ्याला ठरावीक भाव द्यायचं आणि मधला फरक स्वतःकडे ठेवायचं. अशांती भागातले कोको शेतकरी याच कारणाने १९५४ पासूनच भडकले होते.

ज्याने तुरुंग सोसला, त्यानेच तुरुंग भरले

विरोध वाढला, तसा कायदाही कडक झाला. स्वातंत्र्याला दीड वर्ष होत नाही तोच, १९५८ मध्ये, प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा कायदा आला. कुणालाही खटल्याशिवाय पाच वर्षांपर्यंत आत ठेवता येणार होतं. इंग्रजांनी १९४८ मध्ये एन्क्रुमांशी जे केलं, तेच आता त्यांचं सरकार आपल्या लोकांशी करायला लागलं.

१९६० मध्ये घाना प्रजासत्ताक झाला. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत एन्क्रुमांसमोर डँक्वा उभे होते, ते हरले. एन्क्रुमांच्या जिवावर हल्लेही झाले, १९६२ मध्ये उत्तरेत त्यांच्यावर बॉम्ब टाकला गेला. त्यातून ते वाचले, पण संशय वाढतच गेला. १९६४ मध्ये देशात एकच पक्ष उरला आणि एन्क्रुमा तहहयात अध्यक्ष झाले.

डँक्वांना या कायद्याखाली दोनदा अटक झाली. ४ फेब्रुवारी १९६५ ला न्सावमच्या तुरुंगात ते वारले. ज्यांनी एन्क्रुमांना देशात परत बोलावलं, ज्यांनी देशाला नाव सुचवलं, ते त्याच स्वतंत्र देशाचे कैदी म्हणून गेले.

त्याच काळात कोकोचे भाव कोसळले, कर्ज वाढलं, दुकानांत माल मिळेनासा झाला. २२ जानेवारी १९६६ ला एन्क्रुमांनी अकोसोम्बो धरणाचं उद्घाटन केलं. महिनाभरातच, व्हिएतनामचं युद्ध थांबवण्यासाठी ते हनोईला निघाले. वाटेत बीजिंगमध्ये असताना त्यांना कळलं की २४ फेब्रुवारीला लष्कर आणि पोलिसांनी सत्ता ताब्यात घेतली आहे. अक्रात लोक रस्त्यावर येऊन नाचत होते. त्यांचा पुतळा पाडला गेला.

ते पुन्हा घानात जिवंत परतले नाहीत. गिनीचे अध्यक्ष सेकू तुरे यांनी त्यांना आसरा दिला. २७ एप्रिल १९७२ ला रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये कॅन्सरने त्यांचं निधन झालं. आधी गिनीत, मग जन्मगावी आणि शेवटी १९९२ मध्ये अक्रात, अशी त्यांची समाधी हलत राहिली.

अक्रातली समाधी आहे त्याच पोलो मैदानावर, जिथे त्यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली होती. तिथे त्यांचा नवा पुतळा दिमाखात उभा आहे. पण घानाने जुना मोडका पुतळाही फेकून दिला नाही. मुंडकं नसलेलं धड त्याच आवारात आहे आणि तुटलेलं मुंडकं शेजारी वेगळं ठेवलं आहे.

देशाचा संस्थापक एक की अनेक, हा वाद तिथे आजही चालतो आणि सरकार बदललं की त्याचं उत्तरही बदलतं. समाधी पाहायला येणारी शाळेची मुलं मात्र एकाच फेरीत दोन्ही पुतळे बघून जातात.