सहा बिंदूंचा किमयागार : लुई ब्रेल

फ्रान्समध्ये पॅरिसपासून सुमारे ४० किलोमीटरवर कूव्रे नावाचे खेडे आहे. तेथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेलचा जन्म झाला. वडील घोड्यांची खोगिरे व साज तयार करीत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कारखान्यात चामड्याशी खेळत असताना हातातील आरी निसटली आणि डोळ्यात शिरली. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यातही पसरला. पाचव्या वर्षापर्यंत त्या बालकाची दृष्टी पूर्णपणे गेली.

त्या काळी दरिद्री घरातील अंध मुलाच्या नशिबी बहुधा भिक्षापात्रच येई. लुईच्या मातापित्यांनी मात्र त्याला गावच्या शाळेत डोळस मुलांबरोबर बसविले. १८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तेथे व्हॅलेंटिन हाउई यांच्या पद्धतीची, कागदावर उठावदार अक्षरे असलेली पुस्तके होती. ती अवजड होती व संख्येने अल्प होती. एकेक अक्षर चाचपताना वाक्याचा धागा सुटे. आणि त्या लिपीत स्वतः लिहिणे तर जवळजवळ अशक्यच होते.

शार्ल बार्बिये या माजी सैनिकी अधिकाऱ्याची बारा बिंदूंची लिपी पुढे शाळेत आली. परंतु तिची खूण बोटाच्या अग्रात मावत नसे. शिवाय ती ध्वनी दाखवी, शुद्धलेखन नव्हे. लुईने बारांचे सहा बिंदू केले. तीन-तीन बिंदूंच्या दोन उभ्या ओळींतून ६३ खुणा सिद्ध झाल्या आणि प्रत्येक खूण एका स्पर्शात कळू लागली. १८२४ मध्ये ही लिपी आकाराला आली, तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता. आरीसारख्याच टोकदार साधनाने त्याने हे बिंदू उमटविले, हा दैवदुर्विलास म्हणावा की दैवावरील विजय?

१८२९ मध्ये ब्रेल यांनी आपली पद्धती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तीत संगीतलेखनाचाही अंतर्भाव होता. ते त्याच शाळेत अध्यापक झाले, चर्चमध्ये ऑर्गनवादनही करीत. तथापि १८४० च्या सुमारास शाळेच्या चालकांनी या लिपीवर बंदी घातली. अंधांची लिपी डोळसांहून वेगळी नसावी, असा त्यांचा आग्रह होता. विद्यार्थी मात्र चोरून तीच लिपी लिहीत-वाचीत राहिले. अखेर १८४४ मध्ये शाळेच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनप्रसंगी तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले.

६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने ब्रेल यांचे निधन झाले. फ्रान्सने त्यांच्या लिपीला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये. १९५२ साली त्यांच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानाने नेण्यात आल्या. हातांचे अवशेष मात्र कूव्रेनेच जपून ठेवले.

भारतात १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकृत झाली. त्यामुळे पहिला व तिसरा बिंदू उमटला की मराठी वाचकाच्या बोटाखाली ‘क’ उभा राहतो. ग्रंथ म्हणजे प्रकाश, असे आपण सहज म्हणून जातो. ज्यांच्यापाशी डोळ्यांचा प्रकाश नाही, त्यांनाही ग्रंथाचा तो प्रकाश लाभावा, एवढ्यासाठी एका खोगीरकाराच्या मुलाने आपले आयुष्य वेचले.