टपाल घेऊन उडालेले विमान

आळेफाट्यावर उभे राहिले, की पुणे, नाशिक, कल्याण आणि अहिल्यानगर अशा चारही दिशांच्या गाड्या दिसतात. माणसे, पत्रे, पार्सले रस्त्याने सहज जातात. परंतु विमानाने टपाल नेणे हे एके काळी मोठे धाडस होते. भारतात ते धाडस जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांनी केले. सारा देश त्यांना जे. आर. डी. या नावाने ओळखतो.

जे. आर. डीं.चा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी उद्योगपती, तर आई फ्रेंच होती. लहानपणीच त्यांना विमानाचे वेड लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना होता.

१९३० साली आगाखान यांनी एक स्पर्धा ठेवली. भारत आणि इंग्लंड यांमधील प्रवास एकट्याने विमान चालवून करायचा होता. जे. आर. डी. भारतातून निघाले. अस्पी इंजिनिअर हा तरुण इंग्लंडहून येत होता. वाटेत इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगवाचून अडले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. स्पर्धा अस्पीने जिंकली, जे. आर. डी. मागे राहिले. पण अडलेल्याला मदत केल्याचे त्यांना कधी वाईट वाटले नाही. हेच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने हवाई टपालाची योजना मांडली. सरकारने पैशाची मदत नाकारली. शेवटी टाटांनी स्वतःचे दोन लाख रुपये घातले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले. विमान लहान होते. त्यात रेडिओसुद्धा नव्हता. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी विमान मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून व्हिन्सेंट उरलेले टपाल घेऊन मद्रासकडे गेले.

पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. तेव्हा सारा कारभार पुण्याला हलवावा लागे. येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर विमाने उतरत. अडचणी आल्या, तरी काम थांबले नाही.

या छोट्या कंपनीचीच १९४६ साली एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. या नव्या सेवेनिमित्त टपाल खात्याने बारा आण्यांचे तिकीट काढले. त्यावर विमानाचे चित्र आहे. तिकिटे जमवणारे लोक ते आजही जपून ठेवतात.

१९५३ साली सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली. जे. आर. डीं.ना दुःख झाले. तरीही १९७८ पर्यंत अध्यक्ष म्हणून त्यांनी मनापासून काम केले. विमानातून जाताना ते स्वच्छता, चहा, पडदे अशा बारीकसारीक गोष्टी पाहत आणि टिपून ठेवत.

१९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, ते कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा लहान विमानाने करून आले. तरुणांच्या मनात साहसाची आवड जागावी, हा त्यांचा हेतू होता. १९९२ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी लावलेले हे रोप २०२२ साली पुन्हा टाटांच्या अंगणात आले.