रिचर्ड वायकॉफ : बाजाराची नाडी पाहणारा माणूस

शेअरबाजार म्हटला की आपल्याकडचा सुशिक्षित माणूसही त्याला जुगार म्हणून मोकळा होतो. या जुगारामागेही कार्यकारणभाव आहे असे मानून त्याच्या शोधात ज्यांनी आयुष्य वेचले, ते अमेरिकन गृहस्थ म्हणजे रिचर्ड वायकॉफ.

त्यांचा जन्म १८७३ चा. वयाच्या पंधराव्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर एका दलालाच्या पेढीत निरोप पोचविणारा पोऱ्या म्हणून लागले. पुढे त्यांनी स्वतःची पेढी काढली. त्या काळी टिकर यंत्रातून कागदी पट्टीवर प्रत्येक सौद्याचा भाव व शेअर्सची संख्या छापून येई. लोक भाव तेवढा पाहत. वायकॉफ संख्याही पाहत. १९०७ मध्ये त्यांनी 'द टिकर' हे मासिक सुरू केले आणि १९१० मध्ये 'रोलो टेप' या टोपणनावाने पट्टीवाचनावर ग्रंथ लिहिला.

बडी धेंडे मंदीत गुपचूप माल गोळा करतात, हे त्यांनी हेरले होते. हा संचय ओळखावा कसा? दीर्घ मंदीच्या अखेरीस घबराट उडते आणि प्रचंड उलाढालीसह भाव कोसळतो. छोटा गुंतवणूकदार विकून मोकळा होतो. पण प्रत्येक विक्रीला कोणीतरी घेणारा असतोच. भाव सावरून पुन्हा त्याच तळाकडे आला आणि या खेपेस उलाढाल रोडावलेली दिसली, तर विकणारे संपत आले असे समजावे. मग वाढत्या उलाढालीनिशी भाव वर सरकला की संचयाची खूण पटते. उलट, मोठ्या उलाढालीने तळच फुटला, तर संचयाचा तो अंदाज चुकीचा ठरतो. उलाढाल म्हणजे श्रम व भावातला फरक म्हणजे फळ. दोहोंचा मेळ बसत नसेल तेथे थांबून विचार करावा, हे त्यांच्या पद्धतीचे सार.

कौटुंबिक बेबनावात त्यांचे मासिक हातचे गेले. तरीही १९२९ च्या महामंदीत असंख्यांची पुंजी बुडाल्यावर, १९३१ मध्ये त्यांनी आपली पद्धत शिकविणारा अभ्यासक्रम काढला. १९३४ मध्ये ते वारले.

त्यांची पद्धत अचूक भविष्य सांगत नाही. परंतु ऐकीव बातमीवर पैसा लावण्याआधी सर्वांसमोर छापले जाणारे आकडे तरी वाचावेत, ही त्यांची शिकवण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने गाठीशी बांधावी अशीच आहे.