डॉक्टरने शिकलेलं भरतकाम

बाइक घसरली, हँडल पोटात बसलं, पण रक्ताचा एक थेंबही बाहेर नाही. मग आपण कपडे झटकतो आणि ‘काही झालं नाही यार’ म्हणत पुन्हा किक मारतो. थांबा! पोटाच्या आत रक्त वाहत असलं तर बाहेरून ते दिसत नाही. याच न दिसणाऱ्या रक्तस्रावाने एका विद्यार्थ्याचं आयुष्य बदललं, त्याची ही गोष्ट.

२४ जून १८९४. फ्रान्समधलं ल्यों शहर. राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्या पोटात एका अराजकवाद्याने सुरा खुपसला. यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर कापली गेली. नामांकित सर्जन जमले, पण फाटलेली शीर शिवायची कशी हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मध्यरात्रीनंतर कार्नो गेले.

तेव्हा अ‍ॅलेक्सी कॅरेल त्याच शहरात डॉक्टरकी शिकत होता. वय जेमतेम एकवीस. हे असंच चालायचं, हे काही त्याला पटेना. कापड शिवता येतं, मग रक्तवाहिनी का नाही?

आता त्याची आयडिया बघा. ल्यों म्हणजे रेशमाचं शहर. कॅरेल गेला थेट मादाम लेरूदिए या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे आणि त्यांच्याकडून बारीक टाके शिकला. अगदी पातळ सुया, रेशमाचा धागा, त्यावर व्हॅसलिनचा हात. कापलेल्या नळीच्या गोल कडेला तो सारख्या अंतरावर तीन टाके घालायचा आणि ताणायचा. गोलाचा झाला त्रिकोण! मग एकेक सरळ बाजू शिवायची. ही पद्धत त्याने १९०२ मध्ये प्रसिद्ध केली.

पुढे तो अमेरिकेला गेला. १९०८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका नवजात मुलीचा रक्तस्राव थांबेना, तेव्हा त्याने वडिलांच्या हाताची धमनी थेट तिच्या पायातल्या शिरेला जोडली. पोरगी वाचली. १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आजची बायपास आणि किडनी ट्रान्सप्लांट याच टाक्यांवर उभी आहेत.

इथेच थांबलो असतो तर छान वाटलं असतं. पण १९३५ मधल्या ‘मॅन, द अननोन’ या पुस्तकात त्याने काही गुन्हेगारांना विषारी वायूने संपवावं, असं सुचवलं. माणसांची ‘चांगलं बीज, वाईट बीज’ अशी वाटणी त्याला मान्य होती. फ्रान्सवर जर्मनांचा ताबा असताना त्याने विशी सरकारच्या पाठबळावर संस्था चालवली. १९४४ मध्ये तो वारला. ल्योंच्या मेडिकल फॅकल्टीला त्याचं नाव होतं, तेही १९९६ मध्ये काढलं गेलं.

ते योग्यच झालं, असं मला वाटतं. टाके मात्र राहिले. एका हाताने जीव वाचवणारा माणूस दुसऱ्या हाताने काय लिहितो, तेही बघायला हवं.

कार्नोंना वाचवू न शकलेला प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. आता संशोधक अल्ट्रासाउंडच्या लहरी एका बिंदूवर एकवटतात. तिथे उष्णता तयार होते आणि पोट न उघडता रक्तस्राव बंद करता येईल का, हे तपासलं जातं. प्राण्यांच्या यकृतावर हे जमलंय. अपघाताच्या जागी वापरता येईल असं यंत्र मात्र अजून रुळलेलं नाही.

तोवर पोटाला जोरात मार बसला, पोट दुखतंय, चक्कर येतेय, घाम फुटतोय, तर शायनिंग नको. सरळ हॉस्पिटल गाठा.