नम्र पुढारी: संत जोसेफ वाझ

अधिकार हातीं आला असतां नम्र राहणें फार कठीण. तें कसें साधावें, याचा धडा गोमंतकाचे सुपुत्र संत जोसेफ वाझ यांच्या चरित्रांत आपणांस मिळतो.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं साष्टींतील बाणावली गांवीं झाला. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. १६८५ सालीं जुन्या गोव्यांत एकत्र राहणाऱ्या कांहीं एतद्देशीय धर्मगुरूंच्या मंडळींत ते सामील झाले. मंडळींनीं त्यांसच आपले वरिष्ठ केलें, व त्यांनीं त्या संघास संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरीचें वळण दिलें. परंतु दुसऱ्याच वर्षीं तें मानाचें पद सोडून ते सिंहलद्वीपाच्या वाटेस लागले.

१६५८ सालीं जाफना डचांच्या हातीं गेल्यापासून तेथें कॅथोलिक धर्मगुरूंस बंदी होती. १६८७ सालीं हे धर्मगुरु मजुराच्या वेषांत त्या किनाऱ्यावर उतरले. गळ्यांत जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत, आणि त्या माळेकडे कोणाची दृष्टि वळते यावरून आपलीं माणसें ओळखीत. ज्यांचे ते मेंढपाळ होणार होते, त्यांच्याच दारीं ते प्रथम याचक होऊन उभे राहिले.

१६९२ सालीं कँडी येथें पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांस कैदेंत टाकण्यांत आलें. तेथेंही त्यांनीं कुरकुर न करितां सिंहली भाषा शिकून घेतली. कारण ज्या लोकांची सेवा करावयाची, त्यांची बोली शिकणें हाच त्यांचा पहिला आदर होय. पुढें १६९७ सालीं त्या नगरांत देवीची सांथ पसरली. आप्तांनीं टाकलेल्या रोग्यांस त्यांनीं आसरा दिला, त्यांच्या जखमा धुतल्या व मृतांस मूठमाती दिली. रोगी ख्रिस्ती कीं बौद्ध, हें त्यांनीं पाहिलें नाहीं. राजा दुसरा विमलधर्मसूर्य यानेंही त्यांचा मान राखिला.

त्याच सुमारास गोव्याहून दुसरे ऑरेटरियन धर्मगुरु त्यांच्या मदतीस येऊं लागले, व कोचीनच्या बिशपांनीं वाझ यांस सिंहलद्वीपाचे व्हिकार जनरल नेमिलें. तरी त्यांची पायपीट थांबली नाहीं. प्रार्थना चालविणें व मुलांस धर्मशिक्षण देणें हें काम त्यांनीं गांवोगांवच्या गृहस्थांवर विश्वासानें सोंपविलें. १७०५ सालीं दिवाडीचे विद्वान धर्मगुरु जाकोम गोन्साल्विस आले, तेव्हां त्यांच्या लेखणीस त्यांनीं मोकळें क्षेत्र दिलें. सिंहली व तामिळ भाषांत विपुल ख्रिस्ती वाङ्मय निर्माण झालें तें यामुळेंच. त्यांस बिशप करण्याचा विचार पुढें आला असतां तो मान त्यांनीं नाकारिला.

१६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें त्यांनीं देह ठेविला. १४ जानेवारी २०१५ रोजीं कोलंबो येथें पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस संतपद दिलें.

प्रिय वाचकहो, आपणांपैकीं कोणी सभेचा अध्यक्ष असेल, कोणी शिक्षक, कोणी घरचा कर्ता पुरुष. आपल्या हाताखालच्या माणसाशीं आपण कोणत्या शब्दांत बोलतों, त्याचें काम हलकें मानून तें टाळतों कीं स्वतः हात लावितों, यावरूनच आपल्या पुढारीपणाची पारख होते. या संताच्या मध्यस्थीनें ती नम्रता आपणांस लाभो.